तेल लावलेली काडतुसं

सन्माननीय अध्यक्ष छोटेलालजी रहांगडाले, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या अल्काताई गजभिये, ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो ते आमचे प्रशिक्षक आणि रेंज अधिकारी भोजराज बिसेन सर, क्लबचे पदाधिकारी, माझे नेमबाज मित्र-मैत्रिणी आणि सभागृहातील बंधू-भगिनींनो,

मी आचल सेवकराम तुरकर. बोलताना माझी नजर सारखी मागच्या दाराकडे जाईल, त्याबद्दल राग धरू नये. तिथे माझे बाबा उभे आहेत. चार वर्षांत त्यांनी या आवारात पाऊल ठेवलेलं नाही. सरांनी स्वतः फोन केला म्हणून सालेकसाहून आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले. मी दोनदा हात केला, येत नाहीत. माझं बोलणं संपेपर्यंत तिथे राहतील की परतीची गाडी गाठतील, देव जाणे.

तर, सरांविषयी. सरांनी कधी कुणाची तोंडदेखली तारीफ केल्याचं ऐकलंय कुणी? मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "सर, कोणतं काडतूस चांगलं?" सर म्हणाले, "मले काय विचारतेस? तुझ्या रायफलीले विचार." मला वाटलं, टाळतात. मग त्यांनी एकाच कंपनीच्या तीन वेगवेगळ्या लॉटची काडतुसं माझ्याकडून मारून घेतली. दोन लॉटची छिद्रं कागदभर पसरली. तिसऱ्याची एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. तोच माझ्या रायफलीचा लॉट. किंमत बघून नाही, नाव बघून नाही, कागद बघून घ्यायचं. आणि डब्याबाहेरचं सुटं काडतूस कुणी स्वस्तात देत असेल, तर हात लावायचा नाही. अध्यक्ष महोदय हसताहेत, म्हणजे त्यांनाही हे ऐकावं लागलेलं दिसतं.

रायफल आणि काडतुसं बाबांच्या परवान्यावर होती. त्या लॉटचे थोडेच डबे मिळाले. आम्ही धानवाले लोक. आमच्याकडे सगळ्यात टपोरा धान खात नाहीत, बियाण्यासाठी बाजूला काढतात. बाबांनी तेच केलं. सरावाला साधी काडतुसं, आणि त्या लॉटचे डबे निवडीच्या स्पर्धेसाठी लोखंडी पेटीत कुलूपबंद. पावसाळा आला. आमच्याकडची ओल तुम्हाला सांगायला नको. बाबांनी एकेक काडतूस बाहेर काढलं आणि पंपाचे गंजलेले नट सोडवायचं पातळ तेल लावून, फडक्यानं पुसून परत ठेवलं. मला सांगितलंही नाही. न सांगता करायची त्यांची रीतच आहे.

स्पर्धेच्या दिवशी मी पुढे होते. थोड्याच गोळ्या उरल्या होत्या. घोडा दाबला आणि आवाज आला तो नेहमीचा नाही. फुस्स. खांद्याला धक्काही लागला नाही. मला वाटलं, निशाणा हुकला असेल. घाईत बोल्ट ओढला, पुढचं काडतूस भरलं, बोट घोड्यावर नेलं.

"आचल! बोट काढ!"

सर धावत आले होते. रेंजवर कुणी धावायचं नाही, हा त्यांचाच नियम. "नळी समोरच ठेव. हलू नोको."

"सर, वेळ जाऊन राहिली!"

"जाऊ दे. कागदावर छिद्र दिसून राहिलं काय तुले?"

छिद्र नव्हतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला सरांचा संताप आला होता. मागे दोरीपलीकडून बाबा ओरडले, "मास्तर, काऊन थांबवता? पोरीले मारू द्या ना!" सगळी रेंज आमच्याकडे बघत होती. सरांनी बाबांकडे वळूनही पाहिलं नाही. मला बोट दूर ठेवून बोल्ट उघडायला लावला, काडतूस काढून घेतलं, आणि साफ करायची सळी नळीत घातली. सळी अर्ध्यावर अडली.

आधीची गोळी नळीतच रुतली होती. मी पुढचा बार केला असता, तर नळी माझ्या तोंडाशी फुटली असती, डोळे गेले असते.

सरांनी काडतूस धरलेली बोटं चोळली. तेल होतं. वास घेतला. "कोन लावलं हे?"

बाबा म्हणाले, "मी लावलो, मास्तर. जंग लागू नये म्हनून लावलो."

सर रागावतील असं वाटलं. ते बाबांजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "सेवकराम भाऊ, पितळेले जंग नाही लागत. तेल आत झिरपते, दारू मरते. कोरडं ठेवाचं, बस." एवढंच. पुढे कधी तो विषय काढला नाही.

वेळ संपली. निवड गेली. पुढच्या वर्षी झाली, ते तुम्हाला माहीत आहे. पण बाबा? त्यांनी रायफल पोलीस ठाण्यात रीतसर जमा केली. मी क्लबच्या रायफलीवर खेळून राज्य स्पर्धेला गेले, ते आले नाहीत. माझ्याशी जेवणापुरतं बोलतात, आणि बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. मला भीती वाटते ती याची. स्पर्धा हरल्याचं दुःख दोन महिन्यांत गेलं, हे काही जात नाही. सर कितीदा आमच्या घरी आले. बाबा मागच्या दारानं धानाच्या बांधीत निघून जायचे, आणि सर आईच्या हातचा चहा पिऊन परतायचे.

सर, तुम्ही मला नेम शिकवला, त्याचे आभार मानते. तुम्ही धावलात, त्याचे आभार कोणत्या तोंडानं मानू? ते राहू द्या. आयोजकांनी मला संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, वडीलधाऱ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर लेकरू समजून सांभाळून घ्या.

माझ्या चुका तुम्ही पोटात घाला. बाबांची चूक मी माफ करू शकत नाही, कारण मी ती कधी मनात धरलीच नव्हती.

बाबा, तिथं दाराआड नोका उभे राहू. मले दिसून राहिले तुमी. दोन्ही डोळ्यांनी दिसून राहिले. या आत.