डाव्या हाताची सही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे विभागीय अधिकारी, शाखेचे व्यवस्थापक साहेब, ज्यांच्या निरोप समारंभासाठी आपण सगळे कामं आटोपून आलो त्या आपल्या चेकच्या बाई, बाईंचे यजमान, बँकेतला सगळा स्टाफ, आणि माझ्यासारखेच इथे अनेक वर्षं रांगेत उभे राहिलेले माझे खातेदार बंधू-भगिनी, सर्वांना नमस्कार.

मी सुतार माणूस. माझ्या हातात रंधा शोभतो, माइक शोभत नाही. पण व्यवस्थापक साहेब म्हणाले, "ग्राहकांच्या वतीने तुम्हीच बोला, बाईंशी सगळ्यात जास्त भांडण तुमचं झालंय." आता एवढ्या मोठ्या पात्रतेवर नाही कसं म्हणणार?

तर त्या भांडणाचीच गोष्ट सांगतो. अकरा वर्षं झाली. तेव्हा माझं खातं या बँकेत नव्हतं, समोरच्या बँकेत होतं. त्याच सुमारास चित्रकलेच्या एका निवृत्त सरांच्या घरी मी काम केलं. सरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला धरून चालता यावं म्हणून लाकडी कठडा बसवायचा होता. मी सागवानी कठडा बसवला, हाताला कुसळ लागू नये म्हणून तीनदा घासला. सर त्याला धरून पहिल्यांदा आपले आपण न्हाणीघरापर्यंत गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, दाराआड जाऊन रडल्या. त्या काकू आज समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. काकू, सांगितलं तर चालेल ना? बरं.

सरांचं खातं या बँकेत, त्यांनी मला इथला चेक दिला. मी तो समोरच्या बँकेत भरला. आता बघा, समोरची बँक आणि ही बँक यांच्यामध्ये एक रस्ता. माणसाला ओलांडायला एक मिनिट लागतं. चेकला चार दिवस लागले. आणि चार दिवसांनी तो परत आला. कारण काय? सही जुळत नाही.

सरांनी दुसरा लिहून दिला. पुन्हा चार दिवस, मध्ये रविवार आणि एक सुट्टी, म्हणजे सहा. पुन्हा परत. वर चेक परत आल्याचा दंड, तोही माझ्या खात्यातून! तिकडे प्लायवूडवाल्याने मला उधार माल द्यायचं बंद केलं. हातातलं काम थांबलं.

मी सरांकडे गेलो. मनात होतं, जरा स्पष्टच बोलावं. पण आत काकू म्हणाल्या, "अरे, तुझंच नाही, आमचंही अडकलंय. खातं यांच्या एकट्याच्या नावावर. पेन्शन जमा होते, पण काढायची तर सही लागते. औषधं महिनाभर माझ्या भावाच्या पैशावर चाललीत."

सर पलंगावर बसले होते. समोर कागद होता, त्यावर उजव्या हाताने काढलेल्या तीस-चाळीस सह्या. ज्या माणसाने शाळेच्या प्रत्येक फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढलं, त्याच्या त्या सह्या. मला म्हणाले, "मिस्तरी, बँक म्हणते हा मी नाही. मी मीच आहे, हे कुणाला जाऊन सांगू?"

मी तडक इथे आलो. दुपारची वेळ, काउंटरला गर्दी. बाई आत चेकचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. मी दोन्ही परत आलेले चेक काचेवर आपटले. काय काय बोललो ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. "तुमच्या खिशातले देताय का?" असं म्हणालो. आणि एक वाक्य असं म्हणालो, की ते आजही आठवलं की मान खाली जाते. म्हणालो, "तुमच्या घरातलं कुणी असं लुळं पडलं, म्हणजे कळेल तुम्हाला."

बाईंनी चेक उचलले, उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "सही कुठल्या हाताने केली त्यांनी?"

"उजव्या."

"डावा चालतो का?"

मी हो म्हटलं.

"बसता येतं?"

"येतं. पण जिना उतरता येत नाही."

"पत्ता लिहा," त्या म्हणाल्या. "आणि आवाज जरा खाली आणा, मला आकडे लिहायचेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई सरांच्या दारात हजर! सोबत नुकतेच लागलेले एक तरुण अधिकारी. बँकेच्या नोंदीतली नमुना सही बदलायची तर अधिकारी समोर लागतो आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. दाखला त्यांनी येताना खालच्या दवाखान्यातून स्वतः घेतला होता. हेच काम टपालाने वरच्या ऑफिसला पाठवलं असतं, तर तीन आठवडे लागले असते, हे मला नंतर कळलं.

सरांच्या डाव्या हातात पेन दिलं. पहिली सही कागदाबाहेर गेली. दुसरीत पेन निसटलं. तिसरी, चौथी तशीच. काकू हात धरायला पुढे झाल्या, तर बाई म्हणाल्या, "काकू, नको. त्यांची त्यांनाच करू द्या."

सर घामाघूम झाले. म्हणाले, "बाई, उगाच कागद वाया चाललाय."

"सर, बँकेत कागदाला तोटा नाही. तोटा वेळेचा असतो असं लोक म्हणतात, पण आज मी वेळही घेऊन आले आहे."

सर हसले. झटक्यानंतर ते हसलेले मी तरी पहिल्यांदाच पाहिले. तोंड एका बाजूने हसलं, पण हसलं. मग बाई हळूच म्हणाल्या, "तुमची जुनी सही फार देखणी होती. मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. पण तिच्या मागे लागू नका. साधं नाव लिहा. पुन्हा तसंच लिहिता येईल, एवढंच बघा."

पाऊण तास लागला. शेवटी कागदावर तीन सह्या उमटल्या. वेलांटी वाकडी, रेघ चढती, पण तिन्ही एकसारख्या. सर त्याकडे बघत म्हणाले, "लहान मुलाने काढल्यासारखी आहे." बाई म्हणाल्या, "असू दे. आजपासून बँक हिलाच ओळखेल."

त्याच नव्या सहीने सरांनी मला चेक लिहून दिला. तो पास झाला. आता खरं सांगायला हवं, त्यालाही चारच दिवस लागले! अध्यक्ष महोदय, विभागीय साहेब इथे आहेत म्हणून नम्रपणे सांगतो, त्या चार दिवसांचं काहीतरी करा. माझी तक्रार बाईंबद्दल नाही, पण तक्रार आहे. हे टाळ्या वाजवणारे सगळे माझ्या बाजूचे आहेत.

सर त्यानंतर सहा वर्षं होते. दर महिन्याला स्वतःच्या हाताने चेक लिहायचे. काकू सांगतात, त्या दिवशी सकाळपासून स्वारी खुशीत असायची.

एक गोष्ट मात्र मला गेल्याच आठवड्यात कळली. इथल्या शिपाईकाकांनी सांगितली. त्या दुपारी बाई दोन तास बाहेर होत्या, म्हणून चेकचं काउंटर बंद राहिलं. रांगेतल्या तिघांनी तक्रारवहीत लिहिलं, "बँकेचा कारभार अत्यंत संथ, कर्मचारी जागेवर नसतात." त्यांचं काही चुकलं नाही, मी रांगेत असतो तर मीही तेच लिहिलं असतं. बाईंना लेखी खुलासा मागितला गेला. बाईंनी एका ओळीत उत्तर दिलं, "खातेदाराच्या घरी सही घेण्यास गेले होते, उशीर झाला, दिलगीर आहे." त्यानंतर अकरा वर्षं मी त्यांच्या काउंटरला येतोय. माझं खातंही मी इकडे आणलं. पण यातलं एक अक्षर त्या कधी बोलल्या नाहीत. आत्तासुद्धा बघा, शिपाईकाकांकडे डोळे वटारताहेत.

असो. वेळ बराच घेतला. कार्यक्रम घडवून आणणाऱ्या सर्वांचे आभार, आणि मला बोलावलंत त्याबद्दल आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, मानपान पुढेमागे झाला असेल, तर सुताराचं भाषण म्हणून सांभाळून घ्या.

पण बाई, तुमच्या घरातल्या माणसांवरून मी त्या दिवशी जे बोललो, ते सांभाळून घेऊ नका. त्याची माफी मी कधी मागितली नाही. रोज वाटायचं, आज मागू, आणि रोज माझ्या मागे रांग असायची. आज माझ्या मागे कुणी नाही. मला माफ करा.

बाई मान हलवताहेत. हो म्हणताहेत की पुरे म्हणताहेत, ते इथून नीट दिसत नाही. मी खाली येऊनच विचारतो. नमस्कार.