तोटीखालचं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय ग्वोझ्देन मिचिच, उद्यापासून आपला कारखाना सांभाळणारे नवे संचालक, निश शहरातून वेळ काढून आलेले व्यासपीठावरचे पाहुणे, आज संचालकपदावरून निरोप घेणारे सत्कारमूर्ती माननीय डोब्रिवोये तासिच, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री लेपोसावा आजी, आणि ज्यांचं निम्मं लक्ष माझ्याकडे नि निम्मं अंगणात भाजत असलेल्या डुकराकडे आहे असे माझे सर्व सहकारी बंधुभगिनी.

मी झोर्का, बॅटरी विभागाची. मला दहा मिनिटं मिळाली आहेत. "झोर्का, आज गोड बोल," अशी अध्यक्षांची सूचनाही मिळाली आहे. सूचना मी नम्रपणे ऐकून घेतली.

हारतुऱ्यांच्या शेजारी घुरघुरतंय ते आपलंच यंत्र आहे. पाहुण्यांसाठी सांगते, आपण इथे खांद्याला अडकवून नेता येतील अशी प्राणवायूची यंत्रं बनवतो. फुप्फुसं थकलेल्या माणसाला ते घेऊन बाजारात जाता येतं, नातवाच्या शाळेत जाता येतं. हे यंत्र शोभेला ठेवलंय असं तुम्हाला वाटलं असेल. दुपारी मीच त्याची वायर काढली. आता ते बॅटरीवर आहे आणि पडद्यावर सोळा टक्के दिसताहेत. मागच्यांना दिसत नसेल तर पुढच्यांनी अधूनमधून आकडा सांगावा, माझी काही हरकत नाही.

तर साहेबांविषयी. हा कारखाना बंद पडायच्या बेतात होता, आणि कुलूप घेऊन माणूस फाटकाशी आला होता, तेव्हा त्या माणसाला आत बोलावून, राकिया पाजून, रिकाम्या हाताने परत पाठवणारे तासिचसाहेबच होते. आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरचा स्लावाचा, म्हणजे कुळाच्या संताच्या सणाचा दिवस त्यांना पाठ आहे, आणि त्या दिवशी ते दारात हजर असतात. हे सगळं खरं आहे. टाळ्या वाजवा, मी थांबते.

आता माझ्या विभागाविषयी. बॅटरीच्या आत नखाएवढी एक चिप असते. आत किती उरलंय हे सांगायचं, एवढंच तिचं काम. पण तिला उपजत काही कळत नाही, तिला ती बॅटरी शिकवावी लागते. पूर्ण भरायची, स्वस्थ ठेवायची, पूर्ण उपसायची, पुन्हा स्वस्थ ठेवायची. या स्वस्थ ठेवण्यात कुणी हात लावायचा नाही. पण आपल्याकडे कुणाला काही स्वस्थ ठेवू देणं जमलंय का? आमच्या मिलुनने एकदा बॅटरी स्वस्थ ठेवलेल्या पेटीवर उकळती कॉफी आणून ठेवली आणि चिप भर जानेवारीत उन्हाळा आहे असं धरून चालली. हसा, हसा. मिलुन, तूही हस. ती चूक होती, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून केलं. चुकीचा मला कधीच राग आलेला नाही.

चिपला आणखी एक गोष्ट सांगावी लागते. रिकामं कशाला म्हणायचं? तुमच्या प्रत्येकाच्या तळघरात आंबवलेल्या कोबीचं पिंप आहे. त्याची तोटी बुडापासून चार बोटं वर असते. तोटीखाली पाणी असतं, कुणी नाकारत नाही. पण रात्री राकिया जास्त झालेल्या माणसाला सकाळी उतारा म्हणून ते पेल्यात मिळतं का? आपल्या यंत्राची मोटर बॅटरीचा दाब तीन पूर्णांक चार व्होल्टवर आला की थांबते. ती आपली तोटी. चिपला मात्र सांगितलंय की रिकामं म्हणजे तीन व्होल्ट. म्हणजे तोटीखालचं सगळं पाणी ती मोजते, आणि माणसाला सांगते, अजून आहे, चालत राहा.

पंधरा? आभारी आहे, रांगेतल्या ताई.

हे चुकून झालेलं नाही. बैठकीत मी म्हटलं, "साहेब, यंत्र तेरा टक्क्यांवरच बंद पडतंय."

साहेब म्हणाले, "मग लोकांना सांगा, विसाला चार्जिंगला लावत जा."

"त्यापेक्षा जिथे बंद पडतं तिथेच शून्य दाखवू या ना."

"मग पूर्ण भरल्यावर पडद्यावर पाच तास कसे येतील? माहितीपत्रकात पाच छापलेत. तपासायला येणारे पडदाच वाचतात. आणि झोर्का, तू कुणाच्या लग्नात जेवायला गेलीस की ताट किती रिकामं आहे ते ओरडून सांगतेस का?"

सगळे हसले. छान हसले. त्या बैठकीत चीजची पाई होती, माझा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. मला त्या खोट्या आकड्याची आली नाही तेवढी शिसारी त्या हसण्याची आली.

मग पिरोटहून फोन आला. बुडिमिर नावाचे गृहस्थ, आयुष्यभर बस चालवलेली. बेकरीच्या पायरीवर बसून बोलत होते, दोन शब्दांमध्ये धाप. "बाई, तुमचं यंत्र तेरा म्हणालं आणि मेलं. माझ्या बसचा काटा असा खोटं बोलला असता तर प्रवाशांनी मला डोंगरात पुरलं असतं. तेरा कसले ते सांगा तरी." बेकरीवाल्या मुलीने यंत्राची वायर आत ओढून विजेला लावली म्हणून ते पुढचं बोलू शकले. मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "आता बरा आहे ना? मग झालं तर."

मग झालं तर. हे तीन शब्द मला अजून कुजक्या अंड्यासारखे आठवतात.

तुम्ही म्हणाल, झोर्का, मग तूच का नाही बदललंस? कारण चिपला कुलूप असतं. यंत्र बाहेर पडताना ते लावलं जातं आणि आठ अंकांच्या किल्लीशिवाय आतलं काही बदलता येत नाही. किल्ली साहेबांनी स्वतः ठरवली आणि स्वतःपाशी ठेवली. दर वर्षी गाळणी बदलायला सगळी यंत्रं आपल्याकडे येतातच. किल्ली असेल तर तेव्हाच, गाळणीबरोबर, चिप दुरुस्त होईल. नव्या संचालकांनी परवा किल्ली मागितली. साहेब म्हणाले, "होईल, होईल, बघू." आणि उद्या सकाळी साहेब व्लासिना तलावावरच्या घरी राहायला जाताहेत. तिथे फोन लागत नाही, हे त्यांनीच आपल्याला कौतुकाने सांगितलंय.

अध्यक्षमहाराज, घड्याळाकडे बघू नका, माझी मिनिटं शिल्लक आहेत. चौदा झाले? बरोबर आहे.

आता एक प्रसंग सांगते आणि बसते. गेल्या शरदात एका शनिवारी, कारखाना बंद असताना, साहेब माझ्या खोलीत आले. पिशवीत भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची, घरच्या आय्वारची बरणी होती आणि बरणीखाली एक यंत्र. म्हणाले, "झोर्का, हे एक नीट करून दे. शिकवण्यापासून सगळं. रिकामं म्हणजे रिकामं दाखवू दे." मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि किल्ली स्वतःच्या हाताने घातली. मी ती बॅटरी शिकवली. खऱ्या मोटरवर उपसली, स्वस्थ ठेवली, कुणाला खोलीत येऊ दिलं नाही. इतकं मन लावून मी क्वचित काम केलं असेल. यंत्र परत देताना विचारलं, "कुणाचं हो हे?"

म्हणाले, "आईचं."

लेपोसावा आजी, तुम्ही मान खाली घालू नका. तुमच्या मांडीवरचं यंत्र या सभागृहातलं एकमेव खरं बोलणारं यंत्र आहे आणि तसं असण्यात तुमचा काही दोष नाही. मुलाने आईची काळजी घेतली, यात वाईट काय? काहीच नाही. म्हणून तर किळस येते. त्यांना कळत नव्हतं असं निदान म्हणता आलं असतं. त्यांना सगळं कळत होतं, अगदी आईपुरतं कळत होतं. ती बरणी मी उघडली नाही. भेटवस्तूंच्या टेबलावर कागदात गुंडाळलेली आहे, साहेब, घरी नेता येईल.

ऐकलंत? ही शिट्टी. घुरघुर थांबली. पुढच्यांनी कृपया आकडा मोठ्याने वाचावा.

तेरा. आभारी आहे.

अंगणात अकॉर्डियन वाजतंय, त्यांना कुणीतरी थांबवा. आजींना बोलायचंय. माइक द्या त्यांना. नको? बरं आजी, तुम्ही बोला, मी मागच्यांसाठी मोठ्याने सांगत जाते.

आजी मुलाला विचारताहेत, "डोब्री, नादाचं यंत्र कुठलं?" मंडळी, नादा म्हणजे त्यांची शेजारीण, रोज संध्याकाळी दोघी एका बाकावर बसतात. आजी म्हणतात, "मीच तिला म्हटलं, माझ्या लेकाच्या कारखान्याचं घे, डोळे मिटून घे. तिचं माझ्यासारखं आहे, की या बंद पडलेल्यासारखं?"

साहेब म्हणताहेत, "आई, घरी बोलू."

आजी म्हणतात, "घरी तू मला सांगशील, होईल, होईल. तू उद्या तळ्यावर चाललास, बाकावर मी बसणार आहे. एक तर सगळ्यांचं माझ्यासारखं कर, नाही तर सोमवारी माझं पुन्हा सगळ्यांसारखं कर. झोर्का, तू साक्षीला आहेस. नादाच्या शेजारी बसून मी एकटीने खरा श्वास घेणार नाही."

यापुढे माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, सहकाऱ्यांनी थंड होत चाललेल्या जेवणावर पाणी सोडून माझी बडबड सोसली, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. गोड बोलायला सांगितलं होतं, ते जमलं नाही. बोलण्यात कुठे तोल गेला असेल, शब्द जास्त लागला असेल, तर तो माझ्या स्वभावाच्या खात्यावर घाला आणि मोठ्या मनाने माफ करा.

साहेब उठून माझ्याकडे येताहेत. मी माइक सोडते.

एकच विनंती, साहेब. आठही अंक सावकाश सांगा. तिसऱ्या रांगेत आमची सगळी माणसं पेन उघडून बसली आहेत.