सल्लागार घोड्यावर

मी आजकाल कोणाले सल्ला काऊन देत नाही, विचारता ना? मग ऐका.

बोरगावजवळ एका डॉक्टरीणबाईनं संस्था काढली. पायात ताकत नसलेल्या लेकरांले तिथं घोड्यावर बसवून व्यायाम करवतात. मले त्यांनी फुकटातला सल्लागार केलं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर, लेकरं यायच्या आधी घोड्याले सवय पाहिजे. तुम्ही बसता का?"

बसलो. डोक्यावर हेल्मेट, दोन्हीकडून दोघं जण माझे पाय धरून.

"आता हात वर करा, टाळ्या वाजवा."

मी टाळ्या वाजवून राहिलो, तितक्यात रस्त्यावर मोटरसायकल थांबली. पाहतो तर पांढुर्ण्याचे पाटील, माझ्या पोरीचे होणारे सासरे. साखरपुडा आठवड्यावर आलेला. मी वरूनच दोन्ही हात हलवले. ते फाटकावरची संस्थेची पाटी वाचून निघून गेले.

संध्याकाळी पाटील नवरा-बायको सौंसरले आमच्या घरी हजर, हातात सफरचंदं. आपल्या संत्र्याच्या गावात सफरचंद आणतात ते आजाऱ्यासाठी. मी बायकोकडेच पाहून राहिलो, हिले काय झालं म्हणून.

पाटील माझ्याशी एकदम हळू बोलले, "बरं वाटते ना आता?"

"मले काय झालं? मी तिथं सल्लागार आहो."

"हो, हो. आहा ना तुम्ही."

मग बायकोकडे वळून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "विहीणबाई, हे कधीपासून स्वतःले सल्लागार समजून राहिले?"

बायको चहा गाळता गाळता म्हणाली, "लग्न झालं तेव्हापासून."