सॉनाची खिडकी तेवढी राहू दे

(फिनलंडमधलं एक खेडं, नोव्हेंबरची दुपार. सायमीबाईंच्या स्वयंपाकघरात त्यांची मुलगी तूलिक्की शहरातून गाडी दामटत आत्ताच येऊन थडकली आहे. घरामागे सॉना, म्हणजे वाफेचं न्हाणीघर आहे.)

तूलिक्की : कालपासून फोन लावतेय आई! आणि तू इथे निवांत पाव भाजतेस?

सायमी : वेलदोड्याचा आहे. बूट काढ आधी, बर्फ आणलास घरात.

तूलिक्की : मला वाटलं, पडलीबिडलीस की काय! फोन कुठाय तुझा?

सायमी : हा काय, डोळ्यांसमोर. वाजलाच नाही बिचारा.

तूलिक्की : आजही रेंज नाही याला! आणि माझ्याही फोनला नाही.

सायमी : तू खिडक्यांना बसवलेल्या काचांची कृपा. ‘आई, तीन-तीन काचा, वर धातूचा पातळ थर, दिसायचासुद्धा नाही, पण ऊब बाहेर जायची नाही.’ पाठ झालंय मला. खरंच जात नाही हो ऊब, निम्मी लाकडं उरली. फोन मात्र आत येत नाही.

तूलिक्की : मग खिडकी उघडायची जराशी!

सायमी : एवढ्या भारी काचा बसवून खिडकी उघडी टाकू? चिमण्यांना शेक द्यायला?

तूलिक्की : हसू नकोस. वृद्धाश्रमात खोली धरून ठेवलीय मी. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय. फोन न उचलणाऱ्या आईला मी एकटी ठेवणार नाही.

सायमी : मी मुळीच जायची नाही. उरहो म्हणतो, तिथली कॉफी पाणचट असते.

तूलिक्की : शेजारचे उरहोकाका? ते तर बहिणीकडे गेलेत ना?

सायमी : हो. सकाळीच म्हणाला फोनवर.

तूलिक्की : फोनवर?

सायमी : पाव बघते हं, करपायचा.

तूलिक्की : आई, बस खाली. फोन लागला कुठून?

सायमी : मागच्या सॉनातून. तिथली काच जुनी आहे.

तूलिक्की : तरीच! तो काचवाला म्हणत होता, आजींनी सॉनाच्या खिडकीला हात लावू दिला नाही म्हणून. आणि तू एका शब्दात कशी तयार झालीस काचांना! ठाऊक होतं तुला!

सायमी : उरहोकडे आधी बसल्या होत्या ना अशाच काचा. त्याच्या मुलाचे फोन बंद झाले, आणि मुलगा दर रविवारी यायला लागला. आता म्हातारा कुरकुरतो, सगळे मासे संपवतो म्हणून.

तूलिक्की : म्हणजे तू मुद्दाम...

सायमी : आधी नाताळला यायचीस, बाकी वर्षभर फोन. ‘गोळी घेतलीस? जेवलीस?’ की झाला तुझा जीव शांत. काचा बसल्यापासून बघ, दर पंधरा दिवसांनी दारात.

तूलिक्की : रस्ताभर रडत आलेय मी. काय काय आलं मनात!

सायमी : ते चुकलं माझं. फार चुकलं. इकडे ये. तुला बघावंसं वाटतं गं, दुसरं काही नाही.

तूलिक्की : नाक पुसू दे. जाते सॉनात, नाही म्हणून कळवते वृद्धाश्रमाला. पण रोज संध्याकाळी तिथून मला फोन करायचा.

सायमी : आणि नाही केला तर?

तूलिक्की : तर दुसऱ्या दिवशी कामधाम टाकून मी इथे हजर.

सायमी : हं.

तूलिक्की : आई! हं काय?

सायमी : काही नाही. परवा तुला दालचिनीचा पाव चालेल ना?