काळ्या खड्यांना ताजं डांबर

सेक्रेटरी: आणि हे षट्कर्णी होता कामा नये, बुवा. बजावून सांगतो.

बुवा: माझा डावा कान कधीचाच गेलाय, साहेब. आपण दोघं मिळून तीनच कान. सहा व्हायला पुष्कळ वेळ आहे.

सेक्रेटरी: उद्या सकाळी सभा. त्याआधी काळ्या खड्यांच्या वाडग्यातला एकेक खडा तुमच्या होडीच्या डांबरानं माखून ठेवायचा. काळ्यावर काळं, कुणाला दिसणार नाही. पांढऱ्या वाडग्याला हात लावायचा नाही.

बुवा: डांबर होडीच्या फटी बुजवायला असतं. खड्यांना कुठं गळती लागली?

सेक्रेटरी: चेष्टा नको. पडद्याआड जाऊन जो काळा खडा उचलेल, त्याची बोटं रंगतील. तुमचं डांबर साबणाला भीक घालत नाही, हे मला माझ्या नव्या विजारीवरून ठाऊक आहे.

बुवा: त्या विजारीला मी सांगितलं होतं, होडी ओली आहे, बसू नकोस. तिनं ऐकलं नाही. बरं, बोटं रंगली तरी बघणार कशी? शाळेत नखं तपासतात तशी रांग लावणार?

सेक्रेटरी: सभा संपली की मी प्रत्येकाशी हात मिळवणार. स्नेहाची खूण म्हणून.

बुवा: तुम्ही? स्नेहाची? लोक आधी तुमचा ताप बघतील.

सेक्रेटरी: बघू देत. बुवा, तीस वर्षं मी वजनमापं खात्यात काढली. तराजूखाली चिकटवलेलं लोहचुंबक मी दुकानदाराच्या नुसत्या हसण्यावरून ओळखायचो. आणि इथं बारा घरांची वस्ती, एकवीस मतं, त्यात एक माणूस मला चार वर्षं सापडत नाही. दर वर्षी वीस पांढरे आणि एक काळा. एक काळा पडला की ठराव पडला.

बुवा: नियमच आहे तसा. सामाईक गोष्टीला सगळ्यांचा होकार पाहिजे.

सेक्रेटरी: आणि उद्याची पाचवी वेळ. पाचदा पडलेला ठराव पुन्हा कधीच आणता येत नाही.

बुवा: हा असला नियम कुणी केला?

सेक्रेटरी: मी. लोक तीच तीच रड आणायचे म्हणून.

बुवा: म्हणजे आपलाच धोंडा, आपलाच पाय. थांबा, डांबर घट्ट झालंय. शेगडीवर ठेवतो, पातळ व्हायला अर्धा तास जाईल. तोवर चहा टाकतो. बसा.

सेक्रेटरी: मी बसायला आलो नाही.

बुवा: ते माहीत आहे. नळ गळाला की येता, पंप बसला की येता. बसायला म्हणून एकदाही आला नाहीत. त्या खोक्यावर नको, त्यात खिळे आहेत. इकडे बसा. इथून तळं पण दिसतं.

सेक्रेटरी: तळं माझ्या घरातूनही दिसतं.

बुवा: तिथून पाणी दिसतं. इथून माणसं दिसतात. ठराव काय आहे हो नक्की? मी पडलो पगारी माणूस. मला मत नाही, म्हणून कुणी नीट सांगतही नाही.

सेक्रेटरी: वेड पांघरू नका. तुम्हाला शब्दन् शब्द पाठ असेल. हा जुना सामाईक धक्का मोडायचा. ज्यानं त्यानं आपापल्या घरासमोर आपला छोटा धक्का बांधायचा. आपली होडी, आपला दोर, आपली कटकट. परवाच बघा, त्या दोघी बहिणींनी कठड्यावर टॉवेल वाळत घातले आणि डॉक्टरांनी त्यांना मासे धरायचा गळ पुसला. मागच्या आठवड्यात कुणी होडीतलं पाणी न उपसताच निघून गेलं. आणि ते ट्रम्पेटवाले मामा रोज संध्याकाळी धक्क्याच्या टोकाला उभे राहून तीच एक धून वाजवतात, तीही शेवटी चुकतेच. या सगळ्याच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. आठवड्याला चौदा. मला शांतता पाहिजे, बुवा. दुसरं काही नको.

बुवा: ती धून ते मुद्दाम चुकवतात. बरोबर वाजली तर बहिणी खिडकीतून ओरडत नाहीत ना. हं, ते बघा डॉक्टर आले. लोकांचे दात काढून काढून हात भरून येतात त्यांचे, म्हणून संध्याकाळी वल्ही मारायला जातात. आता बघा, पुढं जातील, वळतील आणि विचारतील, बुवा, वारा कसा आहे.

सेक्रेटरी: वारा त्यांना तोंडाला लागतोच की.

बुवा: लागतो तर. … उत्तरेचा आहे, डॉक्टर. जपून. … बघितलंत? अकरा वर्षं विचारतात.

सेक्रेटरी: आणि तुम्ही दर वेळी उत्तरेचाच सांगता?

बुवा: कधी कधी दक्षिणेचा सांगतो. त्यांना फरक पडत नाही. घ्या, चहा घ्या. साखर कमी झालीय का?

सेक्रेटरी: ठीक आहे. हे बघा, तुमचीही सोय ठरावात केली आहे. धक्का गेला की या खोलीचं कामच उरत नाही. तुम्हाला वर, पंपाशेजारी नवी खोली. पक्क्या भिंती, गळणार नाही. टीव्ही देणार.

बुवा: टीव्ही चांगला. बोलतो भरपूर. फक्त विचारत काही नाही.

सेक्रेटरी: म्हणजे तुमचा विरोध आहे?

बुवा: मला मत नाही, साहेब. मत नसलेल्याचा विरोध कसला? पंपाकडे कोण येतं, एवढंच मनात आलं. पंप बिघडला की तुम्ही याल. तो बिघडत राहील असं बघेन.

सेक्रेटरी: …ते कोण आता?

बुवा: थोरली बहीण. खिळा मागायला येतेय. रोज एक खिळा नेते. तिच्या घरात एवढे खिळे ठोकले असते तर घर कधीच फुटलं असतं. मी एकदा विचारलं, बाई, या खिळ्यांचं करता काय? तर म्हणाली, डब्यात ठेवते. … या, या. साहेब बसलेत, घाबरू नका. आज लांबट देऊ की बुटका?

सेक्रेटरी: गेल्या? माझ्याकडे बघून अशा का हसल्या?

बुवा: तुम्हाला हातात कप धरलेलं त्यांनी पहिल्यांदा बघितलं. अर्धा कप आणखी टाकू? डांबर अजून पातळ झालेलं नाही.

सेक्रेटरी: टाका. पण अर्धाच.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, सभा उरकल्यावर, सेक्रेटरींच्या घरी. त्यांच्या बायकोला सगळी वस्ती वहिनी म्हणते.)

वहिनी: पुन्हा एकच काळा?

सेक्रेटरी: एकच. ठराव कायमचा गेला. वहीत नामंजूर लिहून आलो.

वहिनी: आणि ते हात मिळवण्याचं काय नवीन काढलंत? मलासुद्धा सोडलं नाहीत. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा हात हातात घेतलात, तोही रांगेत उभं करून.

सेक्रेटरी: स्नेहाची खूण होती.

वहिनी: डाव्या हातानं?

सेक्रेटरी: उजवा खांदा धरलाय म्हटलं ना. वर उचलतच नाही.

वहिनी: हो, म्हणूनच दोघी बहिणींनी मलम पाठवलंय. डॉक्टर म्हणाले, मी दातांचा असलो तरी खांदा बघून घेतो. मामांनी विचारलं, खांदा बरा होईपर्यंत वाजवणं बंद ठेवू का. तुमच्या खांद्याची एवढी चौकशी तुम्ही पडला होतात तेव्हाही झाली नव्हती. काढा सदरा, मलम लावते.

सेक्रेटरी: नको. ठेव तिकडे.

वहिनी: बरं. मग सापडला का कुणी? वीस हात तपासलेत. एखादं बोट काळं?

सेक्रेटरी: नाही. सगळे स्व… तुला काय ठाऊक बोटांचं?

वहिनी: बुवांनी काल दिवेलागणीला हाक मारली. म्हणाले, वहिनी, उद्या काळ्या खड्यांना ताजं डांबर आहे, कपडे सांभाळा.

सेक्रेटरी: त्या माणसाला मी बजावलं होतं. आणि सगळी वस्ती सोडून त्यानं तुलाच का सांगावं?

वहिनी: कारण त्यांना माहीत होतं.

सेक्रेटरी: काय माहीत होतं?

वहिनी: आधी पाणी पिऊन घ्या. चारही वर्षं काळा खडा मीच टाकला.

सेक्रेटरी: तू?

वहिनी: मी.

सेक्रेटरी: माझ्या घरात. माझ्या ताटाशेजारी ताट मांडून. मी रात्रीच्या रात्री इथं बसून एकेका घराची यादी करत होतो, आणि तू म्हणायचीस, मामांच्या नावापुढे खूण करा, त्यांची नजर चोरटी आहे.

वहिनी: नजर आहेच चोरटी. खडा माझा होता, एवढंच.

सेक्रेटरी: पण का? तुला काय त्या कुजक्या फळ्यांचं प्रेम?

वहिनी: पहिल्या वर्षी खरं सांगायचं तर माझा स्वार्थ होता. भांडणं मिटली की चिठ्ठ्या मिटल्या, चिठ्ठ्या मिटल्या की तुम्ही दिवसभर घरात. निवृत्तीनंतरचा पहिला महिना आठवतो? माझ्या स्वयंपाकघरातलं मापटं खोटं म्हणून जप्त केलं होतंत.

सेक्रेटरी: ते खोटंच होतं.

वहिनी: नंतर मात्र बुवांसाठी टाकत गेले. मी एकदा त्यांच्या दारात मटार सोलत बसले होते. दुपारपासून अंधार पडेपर्यंत सतरा माणसं त्या दारावरून गेली आणि सतराही जणांनी काही ना काही विचारलं. एकानंही कामाचं विचारलं नाही. हा धक्का मोडला तर ते दार कुणाच्याच वाटेवर उरत नाही.

सेक्रेटरी: मग आजचाही तुझाच. खडा कशानं उचललास? चमच्यानं?

वहिनी: आज नाही.

सेक्रेटरी: आता लपवून काय उपयोग?

वहिनी: लपवत नाही. चमचा नेला होता, पदरात गुंडाळून. पण पडद्याआड गेले आणि धीर झाला नाही. म्हटलं, डांबर कुठं तरी लागलंच, तर भर सभेत सेक्रेटरीच्याच बायकोची बोटं काळी. तुम्ही पुन्हा मान वर केली नसती. बुवांनी स्वतःचं नुकसान कळत असताना मला सावध केलं, आणि मी पांढरा टाकून बाहेर आले. त्यांच्या दाराकडे बघवेना. डॉक्टरांनी मतांची बरणी ताटात उपडी केली आणि त्यात काळा दिसला, तेव्हा सगळ्यांत जास्त दचकले असेन तर मी.

सेक्रेटरी: हं.

वहिनी: मग तो टाकला कुणी?

सेक्रेटरी: तेच तर कोडं आहे. असेल कुणी तरी.

वहिनी: वीस हात स्वच्छ. मतं एकवीस. तुम्ही मापाचे पक्के, जरा वजाबाकी करा.

सेक्रेटरी: मोजताना कुणाचा हात लागू शकतो.

वहिनी: मोजले डॉक्टरांनी, दरवर्षीसारखे उलथन्यानं. उजवा हात खिशातून काढा बघू.

सेक्रेटरी: खांदा दुखतोय.

वहिनी: खांद्याला काही झालेलं नाही. मघाशी चप्पल शोधताना तो हात पलंगाखाली चांगला कोपरापर्यंत गेला होता. काढा.

सेक्रेटरी: …मी पांढऱ्याच वाडग्याकडे हात नेला होता.

वहिनी: मग?

सेक्रेटरी: बाहेर टॉवेलवरून जुंपली. थोरली बहीण डॉक्टरांना म्हणत होती, पुढच्या रविवारी पुन्हा गळ पुसलात तर टॉवेलसकट तळ्यात टाकीन. डॉक्टर म्हणाले, वारा बघून टाका. आणि मग सगळेच हसले. मला वाटलं, ठराव मंजूर झाला तर पुढच्या रविवारी ही माणसं भांडायला जाणार कुठं? तेवढ्यात हात दुसरीकडे गेला.

वहिनी: आपोआप.

सेक्रेटरी: आपोआप नाही. डांबर आहे हे मात्र साफ विसरलो. लागल्यावर आठवलं, आणि हात मिळवायचं तर आधीच जाहीर करून बसलो होतो.

वहिनी: तीस वर्षं लोकांना पकडलंत, आणि स्वतःच्या पिंजऱ्यात स्वतः… कोण आहे दारात? या बुवा, या.

बुवा: बसत नाही, वहिनी. रॉकेल द्यायला आलो. जास्त नाही, एक अंगठा आणि दोन बोटं निघतील एवढंच.

सेक्रेटरी: तुम्हाला कुणी सांगितलं?

बुवा: सभेची वही कपाटात ठेवायला उचलली. नामंजूर लिहिलंय, खाली तुमची सही आहे आणि सहीच्या शेजारी काळा अंगठा. मी सही शिकलो पन्नाशीला. त्याआधी माझंही असंच उठायचं, म्हणून लगेच ओळखलं. वही मिटली तसं पान डांबरानं चिकटलं, आता कुणाला उघडायचं नाही.

सेक्रेटरी: बुवा, हे षट्कर्णी…

बुवा: वहिनी धरून पाच कान झालेत, साहेब. अजून एक शिल्लक आहे. आधी रॉकेल चोळा, मग साबण. आणि उद्या संध्याकाळी खाली या.

सेक्रेटरी: का? पंप बिघडलाय?

बुवा: नाही.

सेक्रेटरी: नळ?

बुवा: नळ नीट आहे.

सेक्रेटरी: मग येऊन करू काय?

बुवा: वारा कसा आहे, ते विचारा.