बादलीतले बटाटे

दवाखान्याच्या बाकावर म्हातारा-म्हातारीची जुंपली होती. उद्या तिचं पोटाचं ऑपरेशन, आणि भांडण मात्र बटाट्यांवरून.

“कोंब आलेले बटाटे मी बादलीत लावले. तुम्ही रोज माती उकरून काय बघता हो?”

“वाढतायत का ते.”

“अहो, मुळं तुटतात! अशानं काय डोंबल वाढणार?”

“परत पुरतो की नीट.”

“मी घरी येईपर्यंत बादलीला हात लावायचा नाही.”

“मग आत सगळं ठीक आहे हे मला कळणार कसं?”

“नाही कळणार! गप बसून वाट बघायची.”

नर्सनं तिला आत बोलावलं.

“पाणी तरी घालू ना?”

“घाला, बेतानं. पानं सुकली की मगच बटाटे काढायचे.”

“तेव्हा तू असशील ना?”

“नाहीतर काय, तुमच्या हातात खुरपं देऊ?”