बिनडागाची टीम

...आनि वर मलाच म्हनतेत, "सुम्नीर, गप ऱ्हा बसू, आवाज चढवू नको." का चढवू नको? सात गोल खाल्ले की आमी, सात, आनि ह्यो अध्यक्ष मानूस टेबलावर वही उघडून शांतपनानं लिवतोय, 'जखमी खेळाडू: निरंक.' निरंक म्हंजे आनंदाची गोष्ट हाय म्हने. तुमाला सांगतो, स्मशानातबी जखमी निरंकच असतेत, म्हनून काय तितनं टीम उचलायची का?

थांबा, पयल्यापासनं सांगतो, न्हायतर तुमी म्हनाल ह्यो गडी उगंच तापलाय. मी बसू, भवानी पेठेच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर. मॅनेजर म्हंजे काय, ग्राउंडवर चुना मारायचा, बॉलमदी हवा भरायची, लिंबं कापायची आनि हरलं की शिव्या खायच्या. पन टीमला एक ओळख हुती आमच्या. आमी लई जिंकतो असं कोन म्हनत न्हवतं, खोटं कशाला बोला, पन भवानी पेठेशी म्याच खेळलेला मानूस दुसऱ्या दिवशी जिना धरून धरून उतरायचा. एप्रिलचं ऊन, खाली मुरूम, पडला की गुडघ्याचं साल निगतंय, तरी आमचं पोरगं उटतंय, माती झटकतंय आनि परत पळतंय. टिकाऊ मानसांची टीम, असं नाव हुतं. आनि ह्या टिकाऊपनातच सगळा घोटाळा झाला बगा.

आमच्या पेठांच्या लीगमदी दर तीन वर्सांनी ड्राफ्ट असतोय. लिलाव न्हवं, पैशाचा संबंध न्हाय. सगळ्या सहा टीमचे खेळाडू परत एका यादीत टाकायचे, चिठ्ठीत जिचा नंबर लागंल तिनं आदी एक नाव उचलायचं, मग दुसरीनं, मग तिसरीनं, सहावी झाली की परत पयलीनं. एकदा उचललं की तीन वर्सं मानूस हलत न्हाय. आनि यंदा चिठ्ठी निगाली, पयला नंबर आमचा. बारा वर्सांत कदी लागला न्हवता. मला झोप कुटली येतीय, मी दुसऱ्या दिवशी सकाळीच इलाहीबक्षच्या घरी.

इलाहीबक्ष म्हंजे आमचा डिफेंडर. दिवसभर ग्यारेजात टेम्पोचे पाटे बसवतोय आनि संध्याकाळी आमच्यासाटी आडवा पडतोय. नऊ वर्सं. खांदा निकळलाय, भुवईला सहा टाके पडलेत, नाकानं दोनदा दिशा बदललीय, पन एक म्याच चुकवला न्हाय गड्यानं. त्येच्या आईनं, अनवरीमावशीनं, च्या दिला आनि म्हनली, "बसू, इसकू दुसरी पेठ में नक्को भेजो रे. वां कौन देखेगा इसकू?" मी छातीवर हात ठिवून सांगितलं, मावशी, पयलंच नाव ह्येचं. छातीवर हात ठिवून, बरं का. आनि ड्राफ्टच्या टेबलावर माज्या शेजारी कोन यिऊन बसलं? सिद्धप्पाकाका.

सिद्धप्पाकाका आमचे अध्यक्ष. मानूस देव हाय, मी न्हाय म्हनत न्हाय. पन तीस वर्सं चादरीच्या कारखान्यात माल तपासायला हुते. तीस वर्सं एकच काम. चादर उजेडाला धरायची, डाग हाय का, गाठ हाय का, धागा तुटलाय का. असला की खडूनं फुली आनि सेकंडच्या ढिगात. नसला की घडी घालून पेटीत. आता असल्या मानसाच्या पुढ्यात लीगवाल्यांनी काय ठिवावं? दुखापतीची वही. कुनाला कवा काय लागलं, खेळाडूमागं एक पान. काकांनी चष्मा वर ढकलला आनि ती वही... तुमाला खोटं वाटंल... खिडकीच्या उजेडाला धरली. 

इलाहीबक्षचं पान भरून मागच्या बाजूला गेलेलं. काका बोट फिरवत वाचतेत. "खांदा... भुवई... नाक... परत नाक. बसू, ह्यो तर सेकंडचा माल हाय की रे." मी म्हनलं, काका, चादर न्हवं, मानूस हाय त्यो. तर म्हनतेत, "व्हय की, पन आपल्याला टिकाऊ पायजे का न्हाय? टिकाऊ म्हंजे ज्येला आजून काय झालं न्हाय त्यो." आता ह्येला काय बोलायचं? मी म्हनलं, काका, टिकाऊ म्हंजे ज्येला सगळं झालंय आनि तरी हुबा हाय त्यो. "सुम्नीर बसू, आवाज चढवू नको, च्यारचौघं बगतेत." तिकडं लीगवाला घड्याळ दावतोय, भवानी पेठ, एक मिनिट ऱ्हायलं. काकांनी पान उलटलं. डोळं वल्लं झालं त्येंचं. म्हनले, "अभिमन्यू. सहा वर्सं, एक डाग न्हाय."

मी टेबलाखालनं त्येंचा पाय दाबला, त्येंना वाटलं मी खूश झालो.

डाग कसा असनार? सहा वर्सं नव्या पेठेच्या बेंचवर बसून हुता त्यो! पेटीतनं काडलीच न्हाय त्या चादरीला डाग लागनार कुटनं? पन काकांनी नाव दिऊनबी टाकलं, आनि पुढचाच नंबर नव्या पेठेचा, त्येंनी वही उघडलीबी न्हाय, म्हनले, इलाहीबक्ष. झालं. त्यो मागं भिंतीला टेकून हुबा हुता. माज्याकडं बगितलं त्येनं, मान डोलावली आनि नव्या पेठेच्या टेबलाकडं गेला. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो तरी असतो. आमच्या दुसऱ्या पाळीला काकांनी गुरुराज उचलला. गुरुराज खेळतोय, न्हाय असं न्हाय, पन बॉल हिकडं आला की त्यो तिकडं, मग त्येला लागनार काय, वारं? पान कोरं. टिकाऊ. तिसराबी टिकाऊ. पंधरा टिकाऊ उचलले आमी, आनि काका येताना रिक्षात गुनगुनत हुते.

मग आला पयला म्याच. नव्या पेठेशीच, दुपारी चारला. अभिमन्यूला मी डिफेन्समदी हुबा केला तर त्यो मला इचारतोय, "मॅनेजर, हितं सावली कवा येतीय?" सावलीचं टायमटेबल पाठ हाय की त्येला. गुरुराज लई पळला, मी मान्य करतो, नव्वद मिनिटं पळला, पन बॉलपासनं लांब. दहाव्या मिनिटाला एक गोल, पंधराव्याला दोन. आमचं एक पोरगं पडलं न्हाय. पडायला जवळ जावं लागतंय, ते कोन जानार? पांढरे शर्ट हाफटायमाला आले ते घडी न मोडता आले. आनि काका खुर्चीत बसून मला म्हनतेत, "बग, कसा माल हाय."

शेवटाला कॉर्नर मिळाला त्येंना, आनि इलाहीबक्ष मागनं पळत आला आनि डोकं घातलं. बॉल आत, गडी खांबावर. भुवई परत फुटली. आनि माजं बगा, नऊ वर्सांची सवय, कापूस आनि टिंक्चर घिऊन मी पळालो. निम्म्या ग्राउंडात गेल्यावर ध्यानात आलं, ह्यो आता आपला न्हाय. रेफ्री शिट्टी मारतोय, नव्या पेठेवाले हसतेत, मागनं काका वरडतेत, "बसू, त्येंचा मानूस, त्येंचा कापूस." मी थांबलो न्हाय. भुवईवर कापूस दाबला आनि म्हनलं, इलाही, माजं चुकलं. तुज्या आईला सबूद दिला आनि टेबलावर पाय दाबत बसलो. नाव मी वरडायला पायजे हुतं. लाज वाटतीय मला. त्यो खाली मुरमात बसूनच म्हनला, "अण्णा, तीन साल की बात है. फिर यादी निकलती. मैं टिकता तीन साल. तुम टिको, बस."

आता आली का पंचाईत? राजीनामा माज्या खिशात हुता, काकांच्या वहीवर आपटायचा म्हनून. पन मी गेलो तर तीन वर्सांनी टेबलावर कोन बसनार? काका, वही आनि खिडकी. म्हनून राजीनामा फाडला आनि, टिकायचं तर टिकायचं, डॉक्टरकडं गेलो. मला शुगर हाय, बीपी हाय, डावा गुडगा चढताना दुकतोय आनि उजवा उतरताना. तितं बाकड्यावर काका बसलेले. वय एकोनऐंशी. मनात वाईट इचार आला, खोटं कशाला बोला, ह्येंचंबी काय तरी निगंल म्हनलं. तर डॉक्टर माजा कागद बगून मान हलवत म्हनला, "बसवराज, तुमी जरा जपा. काकांची काळजी करू नका, त्ये निवांत शंभरी गाठतेत."

तवापासनं च्यात साखर बंद केलीय.